पाण्याची विद्या : पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीच्या जोड-पदवीविषयी

बारावीचा निकाल लागला की सल्ला घेण्यासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी तीन-चार शाखांचीच नावे असतात. संगणक, वैद्यकीय, फार तर स्थापत्य. पर्यावरण अभियांत्रिकीचे नाव काढले आणि त्यात सांडपाणी, मैला, कचरा यांचा अभ्यास असतो असे सांगितले की पुष्कळांचे चेहरे उतरतात. ज्यांच्या आजोबांनी गावाची मेलेली ढोरे ओढली, ज्यांच्या वडिलांनी शहरात येऊन नगरपालिकेच्या सफाई खात्यात आयुष्य घालविले, त्यांनी मुलाला शिकवून पुन्हा गटाराकडेच का पाठवावे, हा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आपल्या इतिहासातून आला आहे, आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस त्याचे उत्तर देणे भाग आहे.

प्रथम ही पदवी म्हणजे काय ते पाहू. विज्ञान शाखेचा विद्यार्थी पाण्यात काय आहे, ते तेथे कसे आले आणि त्याचा सजीवांवर काय परिणाम होतो याचा शोध घेतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी ते पाणी स्वच्छ करून किती लोकांपर्यंत, कोणत्या नळाने, किती खर्चात पोहोचवायचे याचा हिशेब मांडतो. ऑस्ट्रेलियातील काही विद्यापीठांत या दोन स्वतंत्र पदव्या एकत्रित घेता येतात. एरवी चार वर्षे अभियांत्रिकीची आणि तीन वर्षे विज्ञानाची अशी सात वर्षे लागली असती. परंतु गणित, रसायन, भौतिकी हे विषय दोन्हीकडे सामाईक धरले जात असल्याने विद्यार्थी साधारण पाच वर्षांत दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडतो. आपल्याकडे हाच मेळ निराळ्या मार्गांनी साधावा लागतो. त्याविषयी पुढे येईलच.

हा मेळ का हवा, हे लंडनच्या उदाहरणावरून ध्यानात येते. 1854 साली तेथील सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखविले. रोग पाण्यातून पसरतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. पण तत्कालीन विद्वानांचा विश्वास दुर्गंधीयुक्त हवेवर. पुढे 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची घाण पार्लमेंटच्या खिडक्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या भुयारी गटारांच्या योजनेस पैसा मिळाला. गंमत अशी की ती गटारे बांधली गेली मुख्यतः दुर्गंधी घालविण्यासाठी, आणि थांबली मात्र पटकी, कारण मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला. विज्ञान चुकीचे असूनही अभियांत्रिकी यशस्वी झाली. असा सुदैवी योग वारंवार येत नसतो.

बांगलादेशाला तो लाभला नाही. तळ्या-डबक्यांतील दूषित पाण्याने मुले अतिसाराने दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने तेथे लक्षावधी कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू उत्तम होता, काम चोख होते, पाणी दिसायला निर्मळ होते. परंतु भूगर्भातील गाळात नैसर्गिक आर्सेनिक आहे, याची तपासणी त्या वेळी झाली नाही. 1990 च्या दशकात खेड्यापाड्यांतून हातापायांवर काळे डाग आणि गाठी असलेले रुग्ण मोठ्या संख्येने पुढे आले, तेव्हा उलगडा झाला. मग एकेक हातपंप तपासून विषारी पंप लाल आणि सुरक्षित पंप हिरवा रंगविण्याची वेळ आली. मानवी इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे या घटनेचे वर्णन केले गेले आहे.

आपल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत हीच कथा फ्लोराइडच्या रूपाने घडली आहे. खोल बोअरच्या पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळे लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास हाडे ताठरतात, पाठ वाकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असावे; दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. यावर नागपूरच्या नीरी या संस्थेने जी पद्धत बसविली ती 'नालगोंडा पद्धत' म्हणून ओळखली जाते. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळायची, ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. घरातल्या बादलीतही हे जमते. तुरटी किती, चुना किती हे रसायनशास्त्र सांगते; गावासाठी टाकी केवढी हवी, गाळ कोठे टाकायचा, गावातली बाई हे रोज करू शकेल का, हे अभियांत्रिकीने सांगायचे असते. पद्धतीत उणिवा आहेत. गाळाची विल्हेवाट हा प्रश्न उरतोच आणि तुरटीचे प्रमाण चुकले तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते. त्या उणिवा दूर करणारे हातही दोन्ही विद्या जाणणारेच लागतील.

ही नीरी संस्था 1958 साली स्थापन झाली, म्हणजे त्याच नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर अवघ्या दोन वर्षांनी. आरंभीचे तिचे नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असे होते. 1974 साली ते बदलले. दरवर्षी अशोक विजयादशमीला आपण दीक्षाभूमीवर जातो. एखाद्या वर्षी परतीच्या गाडीपूर्वी मुलांना या संस्थेचे निदान प्रवेशद्वार तरी दाखवावे, असे आम्हांस वाटते.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. पहिल्या वर्षी गणित, भौतिकी, रसायन. पुढे द्रवगतिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, परिसंस्था, जलशास्त्र, हवेचे प्रदूषण, घनकचरा, पर्यावरण कायदा आणि शेवटी एखाद्या योजनेचा संपूर्ण आराखडा. सगळ्या विषयांचे वर्णन करीत बसत नाही. एकाच चाचणीचे उदाहरण घेतो, कारण तीत हा सारा अभ्यास सामावला आहे. तिला बीओडी म्हणतात. सांडपाण्यातील घाण जीवाणू खातात आणि खाताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. म्हणून पाणी बाटलीत बंद करून ठेवायचे आणि ठरावीक दिवसांनी किती प्राणवायू खर्च झाला ते मोजायचे. जितका खर्च अधिक, तितके पाणी घाण. इंग्लंडमध्ये ही चाचणी 20 अंश तापमानाला पाच दिवस करण्याचा प्रघात पडला. तेथील नद्यांचे पाणी सुमारे पाच दिवसांत समुद्राला मिळते म्हणून पाच दिवस, असे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्या उष्ण हवेत जीवाणू वेगाने काम करतात, म्हणून भारतीय मानकात हीच चाचणी 27 अंशांना तीन दिवस केली जाते. परदेशी पुस्तकातील नियम येथील हवामानास लावताना कसा तपासून घ्यावा, याचा हा उत्तम पाठ आहे. पुढे याच आकड्यावरून शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत हवा किती सोडायची, जीवाणूंना किती वेळ द्यायचा हे ठरते. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत सोडताना हा आकडा लिटरमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक नसावा, अशी सर्वसाधारण मर्यादा नियमांत घातलेली होती.

येथे महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर तेथील सवर्णांनी शेण-गोमूत्र घातलेल्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. त्या काळी पाण्याची शुद्धता मोजण्याचे शास्त्र अस्तित्वात नव्हते असे नाही. अमेरिकेतील जर्सी सिटीत 1908 पासून नळाच्या पाण्यात क्लोरीन घातले जात होते. मँचेस्टरच्या संशोधकांनी जीवाणूंच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत 1914 साली मांडली होती आणि ती आजही जगभर वापरात आहे. जनावरांचे शेण पाण्यात मिसळले की रोगजंतू वाढतात, हे तेव्हाच्या कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याने सांगितले असते. तळ्यावरील हक्कासाठी मात्र 1937 पर्यंत न्यायालयात झगडावे लागले.

महाडचे बाबासाहेब आपल्या घरोघरी भिंतीवर आहेत; पाण्याचे नियोजन करणारे बाबासाहेब तितकेसे नाहीत. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. 1945 साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन होऊन खोसला या अभियंत्याकडे त्याची सूत्रे गेली. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्ही विद्या एकाच वेळी हाती असलेला माणूस तेथे बसला होता, म्हणून नदी ही एका प्रांताची नसून संपूर्ण खोऱ्याची आहे, हा विचार सरकारी धोरणात रुजला.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस का मरतो? गटारात प्राणवायू संपला की विशिष्ट जीवाणू मैल्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. थोडा असेल तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला, आता धोका टळला, असे समजून माणूस पाऊल खाली टाकतो आणि त्याला वाचवायला दुसरा उतरतो. म्हणून एकाच मॅनहोलमधून अनेकदा दोन-तीन प्रेते निघतात. वायू कसा बनतो हे विज्ञानाला ठाऊक आहे. गटाराला योग्य उतार दिला, मैला साचणार नाही इतका वेग राखला, हवा खेळती ठेवली आणि सफाईसाठी यंत्रे वापरली, तर माणसाला उतरावेच लागत नाही, हे अभियांत्रिकीला ठाऊक आहे. केरळच्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारे यंत्र बनवून ते 2018 साली तिरुवनंतपुरमला वापरातही आणले. कायदे 1993 आणि 2013 साली झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मृताच्या कुटुंबास 10 लाख आणि 2023 साली 30 लाख रुपये भरपाई ठरविली. तरीही माणसे उतरतात आणि मरतात, आणि ती कोणत्या वस्त्यांतील असतात हे या स्मरणिकेच्या वाचकांस आम्ही सांगायला नको. गटाराचा नकाशा ज्या टेबलावर काढला जातो, निविदेतील यंत्राची ओळ जेथे खोडली जाते, त्या टेबलाभोवती आपली मुले-मुली क्वचितच बसलेली असतात. मुलाला गटाराकडे पाठवू नका, हे बरोबर. त्या टेबलाकडे पाठवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. संगणक शाखेसारखी भरघोस पगाराची नोकरी येथे पहिल्याच वर्षी सहसा मिळत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळे, पाणीपुरवठा योजना, कारखान्यांचे शुद्धीकरण विभाग, पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संस्था ही कामाची क्षेत्रे आहेत. परंतु अनेक सरकारी जाहिरातींत केवळ 'स्थापत्य अभियांत्रिकी' एवढीच अट असते. त्यामुळे ज्याला सरकारी नोकरीच हवी आहे त्याने आधी स्थापत्य पदवी घेऊन मग पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करावे, हा मार्ग आम्हांस अधिक सुरक्षित वाटतो. ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याने आयआयटी मुंबईचा पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा बी.टेक. अभ्यासक्रम किंवा धनबादच्या संस्थेतील पर्यावरण अभियांत्रिकी पाहावी. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांस शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. रसायन वा सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेल्यांनीही निराश होऊ नये, पुढे एम.एस्सी. करता येते, आणि गेट परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी हा स्वतंत्र विषयच आहे. परदेशाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासासाठी आहेत. ऑस्ट्रेलियातील पाच वर्षांची जोड-पदवी त्यांत बसत नाही. कर्ज काढून मुलास तिकडे पाठविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण हुशार मुलांच्या जागा याच पायरीवर हुकताना आम्ही पाहिल्या आहेत. राज्याचे 'नवबौद्ध' प्रमाणपत्र आणि केंद्राच्या नमुन्यातील अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र एकच नव्हे. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रीय सवलती मिळतात, पण नमुना केंद्राचाच लागतो. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचे नाव ज्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात असेल तेथून त्याचा उतारा दिवाळीच्या सुट्टीत मिळत नाही, कारण कार्यालय बंद असते. उन्हाळ्यापूर्वी, शाळा सुरू असतानाच जावे, आणि नावाच्या स्पेलिंगमधील फरकाचे प्रतिज्ञापत्र सोबत करून ठेवावे.