मिक्सरमधून ग्राफीन

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी थर. असे थर एकावर एक रचले की ग्रॅफाइट. २०१४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील जोनाथन कोलमन यांच्या गटाने हे थर साबणाच्या पाण्यात घुसळून सुटे केले, तेही स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरने. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली ही कृती करून पाहता येते.

साहित्य: नैसर्गिक ग्रॅफाइटची पूड २० ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर अर्धा लिटर, भांडी घासायचे लिक्विड १० मिली, किमान ४०० वॅटचा जुना मिक्सर, सेंट्रिफ्यूज, मास्क, हातमोजे.

कृती

१. मास्क लावूनच पूड मोजा. ती विजेची वाहक असते. उपकरणांवर उडू देऊ नका.

२. पाण्यात लिक्विड हलक्या हाताने मिसळा, मग पूड घाला. लिक्विड जास्त झाले तर नुसता फेस होतो.

३. एकूण २० मिनिटे घुसळा, पण सलग नको. मिनिटभर चालवा, मोटर निवू द्या, पुन्हा चालवा. हा मिक्सर परत स्वयंपाकात वापरू नका.

४. रात्रभर ठेवा. बहुतेक ग्रॅफाइट तळाशी बसते. वरचे काळे पाणी न हलवता काढून घ्या.

५. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून उरलेले जाड कण बाजूला करा. वरचा द्रव तसाच जपा. वाळवला तर थर पुन्हा एकमेकांना चिकटतात.

६. रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावर लेसर टाकल्यावर विखुरणाऱ्या प्रकाशाचा आलेख, काढा. २७०० प्रति सेंटीमीटरजवळचे शिखर पाहा: ग्रॅफाइटमध्ये त्याला खांदा असतो, मोजक्या थरांत ते एकसंध दिसते.

कारखान्यात अडते ते चौथ्या पायरीपासून पुढे. घुसळायची टाकी मोठी करता येते. पण वेगळे करणे, साबण धुऊन काढणे आणि प्रत्येक खेपेला सारखा माल देणे खर्चिक आहे. खाणीगणिक ग्रॅफाइटही बदलते. २०१८ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ६० उत्पादकांचा माल तपासला, तेव्हा बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघाले.

पुढचा कच्चा माल खाणीबाहेरचाही असेल. २०२० मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने कोळसा, अन्नाचा कचरा आणि प्लास्टिक यांतून विजेचा झटका सोडून, सुमारे २७०० अंश सेल्सिअसला, क्षणार्धात ग्राफीन केले. त्याचे थर सैल रचलेले असल्याने सहज सुटतात. तो प्रयोग मात्र घरी किंवा वर्गात करू नका. त्यात झटका देणारे कपॅसिटर जीवघेणे असतात.

माल खाणीतला असो की कचऱ्यातला, सहावी पायरी गाळू नका. दहाहून अधिक थरांची पूड मोजक्या थरांचे ग्राफीनही नव्हे. विकत घेताना विक्रेत्याकडे रामन आलेख मागाच.