उघडून जोडलेली गाडी चालू का होत नाही?

थर्मोच्या पेपरात ऑटो सायकलचा पी-व्ही डायग्राम आपण सगळेच काढतो. एफिशियन्सीचं सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगतो. पण तेच इंजिन घरी उघडून पुन्हा जोडलं, किक मारून मारून पाय दुखायला लागला आणि गाडी ढिम्म हलेना, की चार वर्षांचं शिक्षण कुठे जातं कोण जाणे! मग जो तो सुचेल ते सांगतो. "प्लग बदल", "सीडीआय गेला असेल", "नवीन ब्लॉक-पिस्टन टाक". खिशातले पैसे जातात, गाडी आहे तिथेच.

म्हणून हा लेख. उदाहरणासाठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची कार्बोरेटरवाली स्प्लेंडर घेतो. ९७.२ सीसी, एक सिलिंडर, चार स्ट्रोक, हवेने थंड होणारं इंजिन. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. गुणाकार करून पाहा, आकडा बरोबर जुळतो.

आधी एक नियम

चालता चालता झिजून बंद पडलेल्या गाडीत दोष बहुधा पार्टमध्ये असतो. पण उघडून जोडल्यावर जी चालू होत नाही, तिच्यात दोष बहुधा जोडणीत असतो. हा फरक लक्षात ठेवला तर निम्मं काम झालं. कालपर्यंत करंट देणारा सीडीआय, हेड उघडलं म्हणून जळत नाही. तेव्हा पहिला प्रश्न "कोणता पार्ट गेला?" हा नसून "आपण कशाकशाला हात लावला?" हा आहे. कागद घ्या आणि काय काय सोडवलं ते क्रमाने लिहून काढा. ती यादी म्हणजेच संशयितांची यादी.

इंजिनाला चालू व्हायला चारच गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं मिश्रण, ठिणगी, दाब आणि या तिन्हींची योग्य वेळ. यातली कोणती नाही ते शोधायचं. तोपर्यंत दुकानात जायचं नाही.

पेट्रोल आणि करंट

दहा-बारा किक मारून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. कॉक उघडा आहे का, पाइप दुमडलाय का, कार्बोरेटर आणि हेडमधला जोड हवा घेतोय का, ते बघा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय; पुसून वाळवा आणि पुढे चला.

आता करंट. प्लग कॅपमध्ये बसवून त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लग भोकापासून लांब धरा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी तिथेच पडली तर भडका उडतो. करंट नसेल तर आधी सोडवलेले कनेक्टर, अर्थची वायर आणि किल वायर कुठे चेमटून बॉडीला लागली आहे का ते तपासा. मॅग्नेट काढला असेल तर त्याची चावी जागेवर आहे का तेही बघा. चावी तुटली तर ठिणगी दिसते, पण भलत्याच वेळी पडते.

दाब: अंगठा काय सांगतो

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा. चांगलं इंजिन अंगठा उडवून लावतं. गेज मिळालं तर उत्तम; ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजा. इथे थर्मोची एक गंमत सांगतो. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला आणि गॅमा १.४, तर आदर्श दाब सुमारे २१.७ पट होतो. गेज इतका दाखवत नाही, म्हणून घाबरू नका. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचल्यावर लगेच बंद होत नाही, थोडा उशिरा होतो. शिवाय किकच्या मंद वेगात उष्णता भिंतीत जाते आणि थोडी गळती असतेच. आकडा पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा, सूत्राशी नाही.

दाब कमी वाटला तर भोकातून एक चमचा इंजिन ऑइल टाका, दोन-चार किक मारा आणि परत मोजा. दाब चांगला वाढला तर गळती रिंगांमधून आहे, कारण तेलाने ती फट भरली. वाढला नाही तर गळती वर आहे: व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा हेडचं पॅकिंग. एक चमचा म्हणजे एकच चमचा बरं का! रेशो ९ असेल तर वरची मोकळी जागा ९७.२ भागिले ८, म्हणजे साधारण १२ सीसी भरते. अर्धा कप तेल ओतलंत तर पिस्टन वर जाणारच नाही, आणि जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

दुधाच्या गाडीची गोष्ट

माझा रूमपार्टनर संगमनेरकडचा. घरी म्हशी, आणि सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन डेअरीला न्यायला वडिलांची जुनी स्प्लेंडर. गाडी धूर सोडायला लागली, तशी दिवाळीच्या सुट्टीत याने घरीच हेड-ब्लॉक उतरवला. नवीन रिंगा आणल्या, व्हॉल्व्ह लेथवाल्याकडून ग्राइंडिंग करून घेतले आणि सगळं जोडलं. गाडी काही चालू होईना. नवा प्लग झाला, उसना आणून सीडीआय बदलून झाला. दूध शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊ लागलं, त्याचं पेट्रोल आपल्या खिशातून. आता नवीन ब्लॉक-पिस्टनसाठी पैसे मागावेत की नाही, या विचारात तो होता. त्याचे वडील शांत माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "इंजिनिअरिंगला घातलंय ना रे तुला? जाऊ दे, भंगारात घालू तिला."

मी एका दिवसासाठी गेलो होतो. काकांना म्हटलं, "काका, आजचा दिवस थांबा. आज काही विकत आणायचं नाही."

यादी केली. प्लग ओला होता, म्हणजे पेट्रोल होतं. करंट निळा, कडक. किक मात्र लोण्यासारखी जात होती. अंगठ्यावर नुसती फुंकर. चमचाभर तेल टाकलं, फरक जवळजवळ नाही. म्हणजे रिंगा सुटल्या निर्दोष. त्याला विचारलं, "हेड बसवल्यावर टॅपेट सेट केलेस का?" तो म्हणाला, "हातच लावला नाही रे, जसे होते तसेच आहेत."

तिथेच उत्तर होतं. ग्राइंडिंग करताना व्हॉल्व्हचं तोंड आणि सीट घासली जाते. व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा आत बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते. टॅपेटची गॅप मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती संपली की रॉकर दांडीवर सतत दाबून बसतो आणि व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बंद होत नाही. टॅपेटला हात लावला नव्हता हे खरं, पण टॅपेटखालची दांडी वर आली होती! आम्ही झाकण उघडलं. फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही शिरेना.

गॅप पुस्तकाप्रमाणे लावली आणि पाय ठेवताच किक घट्ट लागली. आत पेट्रोल साचलं होतं म्हणून चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सात-आठ किक मारल्या, आणि गाडी धरली. निळसर धूर बघून काका घाबरले. पण तो आम्हीच टाकलेल्या तेलाचा. थोड्या वेळाने विरला. एकूण खर्च शून्य. संध्याकाळचं दूध आपल्या गाडीवर गेलं.

टॅपेट लावताना

इंजिन पूर्ण थंड हवं. मॅग्नेटवर दोन खुणा असतात, टी आणि एफ. टी म्हणजे पिस्टन सर्वात वर. एफ म्हणजे ठिणगीची वेळ. घाईत पुष्कळ जण एफ जुळवतात. पण नुसती टी जुळवूनही भागत नाही, कारण चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो. आपल्याला कॉम्प्रेशनचा हवा. मॅग्नेट हाताने फिरवा, इनटेक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर आला की त्यानंतर येणारी पहिली टी ती आपली. तिथे दोन्ही रॉकर मोकळे असायला हवेत. दुसऱ्या टीवर गॅप लावली तर ती चुकीची लागते. चेक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

टायमिंग चेन

चेन उतरवली असेल तर कॅम स्प्रॉकेटची खूण आणि टी एकाच वेळी जुळतात का बघा. समजा कॅम स्प्रॉकेटला २८ दात आहेत. एक दात चुकला तर कॅम ३६० भागिले २८, म्हणजे सुमारे १२.९ अंश फिरला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या हिशेबात चूक झाली जवळजवळ २६ अंश. अशी गाडी एक तर चालूच होत नाही, नाहीतर धडपडत चालते आणि कार्बोरेटरमधून फटके मारते. जोडल्यावर टेन्शनर लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत तपासा. मध्येच काही अडलं तर जोर लावू नका; व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल.

सावधान!

हे काम हॉस्टेलच्या खोलीत किंवा कॉरिडॉरमध्ये करू नका. रेक्टर सर ओरडतील हे आहेच, पण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते. बंद जागेत इंजिन चालू ठेवणं तर जिवावरचं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पहिली किक मारण्याआधी ऑइल भरलंय ना, एवढं बघा.

२०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आहे. तिथे सेन्सर आणि कोड वाचावे लागतात. तरी दाब, ठिणगी, मिश्रण आणि वेळ या चौघांची सुटका तिथेही नाही.

थोडक्यात काय, प्रत्येक तपासणीने एका संशयिताला सोडायचं किंवा पकडायचं. पार्ट बदलणं ही तपासणी नव्हे, तो जुगार आहे; आणि गावाकडे त्या जुगारात लागणारा पैसा दुधाच्या बिलातून येतो. फिलर गेज ही फार तर एका सिनेमाच्या तिकिटाची वस्तू. एक घेऊन ठेवा, आणि पुढच्या वेळी कोणी "ब्लॉक-पिस्टन टाक" म्हणालं तर आधी झाकण उघडून गॅप मोजा.