बाईंच्या हातची गोळी

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा तिसरीत एकाच नावाची दोन मुलं होती. आडनावं वेगळी, पण तिसरीतल्या पोराला आडनावानं हाक कोण मारतं? त्यातल्या एकाला आकडीचा त्रास होता. दुपारी खिचडी खाऊन झाली की त्याला एक गोळी द्यायची असे. आई आठवड्याच्या गोळ्या पुडीत बांधून द्यायची आणि वर्गशिक्षिका त्या कपाटात ठेवायच्या. एक दिवस वर्गशिक्षिका तालुक्याला प्रशिक्षणाला गेल्या. सकाळी मला फोनवर म्हणाल्या, "त्याला तेवढी गोळी द्या हं."

मी हो म्हटलं. दुपारी दारात तांदळाची गाडी आलेली, पोषण आहाराची नोंद राहिलेली. तिसरीच्या दारात उभं राहून मी नावानं हाक मारली. एक मुलगा उठून आला. "तुलाच गोळी घ्यायचीय ना रे?" त्यानं मान हलवली. मी गोळी तळहातावर ठेवली, त्यानं नळाखाली ओंजळ धरून ती गिळली आणि पळाला.

तासाभरानं तो बाकावर डोकं टेकून झोपलेला दिसला. उठवला तर भिंत धरून चालू लागला. ऊन लागलं असेल, असं मी म्हणत होते, तेवढ्यात मागून दुसरा आला. "बाई, माझी गोळी?"

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. कोणती गोळी? किती मिलिग्रॅमची? किती वाजता दिली? माझ्या हातात पुडीचा कागद होता, जुन्या कॅलेंडरचा तुकडा. त्यावर फक्त मुलाचं नाव होतं, तेही आडनावाशिवाय. दुसऱ्या मुलाची आई शेतातून घरी जाऊन पाकीट घेऊन येईपर्यंतची पाऊण तासाची वाट मी विसरलेले नाही. कार्बामाझेपिन, दोनशे मिलिग्रॅम. मुलाला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी तो चहा-बिस्किट खात होता. "मान का हलवलीस रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "मला सर्दी झाली होती ना. आणि तुम्ही दिली म्हणून घेतली."

त्या वाक्यानं मला शिकवलं ते असं: मूल आपल्या हातून काहीही गिळतं. ते आपल्याला अडवणार नाही, म्हणून आपली पद्धतच अशी हवी की तिनं आपल्याला अडवावं.

पुढच्याच महिन्यात त्याच डॉक्टरांना शाळेत बोलावलं. भाषण नको, सराव करून घ्या म्हटलं. त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या. आम्ही शिक्षक आळीपाळीनं मूल आणि बाई झालो. स्वयंपाकाच्या मावशींनाही बसवलं, कारण घाईच्या वेळी पुडी त्यांच्याच हाती दिली जायची. तेव्हापासून आम्ही पाळतो ते सांगते.

मुलाला "तू अमुकच ना?" असं विचारायचं नाही. "तुझं पूर्ण नाव सांग, आईचं नाव सांग" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला प्रत्येक मूल हो म्हणतं. मग नोंदीच्या कागदावरच्या फोटोशी चेहरा ताडायचा.

सुटी गोळी, पुडी, दुसऱ्या बाटलीत ओतलेलं औषध घ्यायचं नाही. मूळ पाकीट, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पालकांच्या सहीची विनंती, तिन्ही हवीत. फोनवरचा निरोप चालत नाही.

योग्य मूल, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग. हे पाच ताळे दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर जुळवायचे. नोंदवहीतली सही मुलानं गोळी गिळल्यावर करायची, आधी नाही. वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत, पालकांना विचारायचं.

ताप आला की पॅरासिटामॉल द्यायला हात शिवशिवतो. घरून सकाळीच दिलेलं असतं, ते कुणी विचारत नाही. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास हवेत. पातळ औषध पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं, २५० चंही. बाटली बदलली की तोच चमचा दुप्पट होतो. म्हणून चिठ्ठी आणि घरच्यांशी बोलणं झाल्याशिवाय आम्ही ते देत नाही.

सरकारी गोळ्यांनाही हेच. लोहाची गुलाबी गोळी लहानांची, निळी दहा वर्षांवरच्यांची, आणि ती जेवणानंतरच. जंतनाशकाची गोळी चावून खायला लावायची, तीही आपल्यासमोर. त्या दिवशी आजारी असलेल्याला द्यायची नाही.

कपाटाला कुलूप असावं, पण दम्याचा इन्हेलर त्यात नको. किल्ली शोधेपर्यंत मूल थांबत नाही. आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली की १०८ ला फोन.

आणि चूक झालीच तर लगेच बोला. त्या दिवशी "ऊन लागलं असेल" या माझ्या वाक्यात काही मिनिटं गेली. दुसऱ्या मुलानं त्याची गोळी मागितली नसती, तर किती गेली असती?

आता आमच्या नोंदवहीत पहिल्या पानावर पुडीचा तो कागद चिकटवलेला आहे. नवीन शिक्षक आले की वही मी त्या पानापासून दाखवते.