एक नमुना, अनेक नग
संगणकावरील नकाशात पुनरावृत्तीचे काम कसे करावे?

ग्रिल, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, दरवाजे व फर्निचर बनविणाऱ्या कारागीर बांधवांकडे बिल्डरचा नकाशा आता बहुधा संगणकाच्या फाइलमध्येच येतो. त्या फाइलमध्ये आपला नमुना बसवून देता आला, तर भाव सांगणे सोपे जाते आणि मालही मोजून घेता येतो. सात मजले, मजल्यावर चार घरे, घरात तीन खिडक्या, म्हणजे ८४ खिडक्या झाल्या. प्रत्येकीत दहा सळया धरल्या तर ८४० सळया होतात. त्या एकेक करून काढणे वेळेचा अपव्यय आहे, आणि चुकीच्या पद्धतीने काढणे पैशाचा.

पुनरावृत्ती म्हणजे काय, हे पाहण्यासाठी लांब जायला नको. अंबरनाथचे शिवमंदिर पाहावे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. हे मंदिर शिलाहार राजवटीतील, काळ्या दगडाचे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चार बाजूंना चार उभे पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी. वर जावे तसा त्यांचा आकार लहान होत जातो. वरचा भाग आज ढासळलेला असला, तरी रचना स्पष्ट कळते : आकार एकच, जागा व माप निराळे. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ती मात्र निरनिराळ्या आहेत. कोणते अंग पुन्हा पुन्हा येणार आणि कोणते एकदाच, हे आधी ठरविणे हाच या कामाचा पहिला धडा होय.

कॉपी आणि ब्लॉक यांतील फरक

ऑटोकॅड हा प्रोग्राम १९८२ मध्ये आला आणि नकाशाच्या कामात रुळला. त्यात 'कॉपी' केले की प्रत्येक नक्कल स्वतंत्र राहते. ग्राहकाने नक्षी बदलायला सांगितली, तर ८४ ठिकाणी हात लावावा लागतो. 'ब्लॉक' केला तर मूळ नमुना फाइलमध्ये एकदाच साठतो. बाकी ठिकाणी फक्त जागा, माप व फिरवण्याचा कोन यांची नोंद राहते. मूळ बदलला की सर्व ८४ बदलतात, आणि फाइलही हलकी राहते. स्केचअपमध्ये यालाच 'कंपोनंट' म्हणतात. तेथील 'ग्रुप' वेगळा : एका ग्रुपमधील बदल त्याच्या नकलांत उतरत नाही.

आम्हा कापडवाल्यांना हे समजायला कठीण नाही. छपाईचा लाकडी ठसा एकच असतो. ठसा सुधारला की पुढचे सारे कापड सुधारते. ब्लॉकची गंमत अशी की 'छापून झालेले' कापडही सुधारते.

ब्लॉक करताना धरण्याचा बिंदू विचारला जातो. तो खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवावा, म्हणजे प्रत्येक नग भिंतीच्या कोपऱ्याला बरोबर बसतो.

ॲरे : ओळीने मांडणी

समान अंतरावर नग मांडायला 'ॲरे' वापरतात. सरळ ओळीसाठी 'रेक्टँग्युलर', गोलासाठी 'पोलर', वळणाच्या जिन्यासाठी 'पाथ'. इथे बहुतेकांची फसगत अंतरात होते. संगणक मध्य ते मध्य अंतर मागतो आणि आपण मोकळा गाळा सांगतो.

हिशेब असा. खिडकीची आतली रुंदी १२०० मिमी, सळई १२ मिमी, सळया १०. सळया १० असतील तर गाळे ११ होतात. सळयांची जागा १२० मिमी वजा केली की १०८० उरले. त्यास ११ ने भागले की गाळा ९८.१८ मिमी आला. ॲरेत मात्र ९८.१८ + १२ = ११०.१८ हा आकडा द्यावा. पहिल्या सळईचा मध्य कडेपासून १०४.१८ वर ठेवावा. चुकून ९८.१८ दिला, तर नऊ अंतरांत प्रत्येकी १२ मिमी कमी पडून शेवटचा गाळा २०६ मिमीचा होतो. त्यातून लहान मूल बाहेर पडू शकते. हा केवळ नकाशाचा दोष राहत नाही.

गोलात उलटे होते. आठ पाकळ्यांच्या जाळीत ३६० अंशांत नग ८ च द्यावेत, ९ नव्हे, कारण पहिला व शेवटचा एकावर एक येतात. अशा जाळीची अर्धी पाकळी काढावी, 'मिरर'ने पूर्ण करावी, मग पोलरने आठ करावी.

तीन खबरदाऱ्या

१. ब्लॉक ताणू नये. लहान खिडकीचा ब्लॉक दीडपट केला की १२ मिमीची सळईही कागदावर १८ मिमीची होते. मंदिराच्या छोट्या शिखरांना हे चालते, बाजारातून मापाने येणाऱ्या सळईला नाही. त्या मापाचा ब्लॉक वेगळा करावा.

२. मिरर केल्यावर डावा दरवाजा उजवा होतो. बिजागरी व कडीची बाजू तपासावी, आणि दोन्ही प्रकारांची नावे वेगळी ठेवावीत.

३. नक्कल सारखी असली तरी भिंत सारखी नसते. जागेवर जाऊन प्रत्येक खिडकी मोजावी. एखादी १५ मिमी कमी निघाली, तर स्केचअपमध्ये 'मेक युनिक' करून तेवढीच वेगळी करावी. ऑटोकॅडमध्ये नव्या नावाचा ब्लॉक करावा. मूळ ब्लॉकला हात लावला तर बाकी ८३ बिघडतील.

मालाचा हिशेब

ब्लॉकचा सर्वात मोठा फायदा मोजणीत आहे. कोणत्या नावाचे किती नग आहेत, हे प्रोग्राम सांगतो. ऑटोकॅडमध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून त्यासाठी 'काउंट' ही आज्ञा आहे. नग गुणिले सळया केले की लोखंडाची यादी तयार, आणि भाव अंदाजाने सांगावा लागत नाही.

महागडा प्रोग्राम परवडत नसेल तर चोरीची प्रत घेऊ नये. लिबरकॅड व फ्रीकॅड हे दोन्ही मोफत व कायदेशीर आहेत. साध्या नकाशासाठी लिबरकॅडमध्ये ब्लॉक आहेत, फ्रीकॅडमध्ये ॲरेही आहे. दुकानातील शिकलेल्या मुलाला रोज तासभर बसवावे आणि पहिला ब्लॉक आपल्याच दुकानात सर्वाधिक खपणाऱ्या ग्रिलचा करून घ्यावा. तो मात्र दहादा तपासून घ्यावा, कारण पहिल्या नगातील चूक ८४ वेळा छापली जाते.