वस्तीवरची रानवट मांजरे आणि उंदराचे औषध



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा याबद्दल बोलतो. या खेपेला विषय मांजराचा आहे. काहींना वाचून हसू येईल. परंतु उंदीर नियंत्रणासाठी गटागटांतून शिवारफेऱ्या झाल्या तेव्हा पुरुष मंडळींनी औषधाचा भाव विचारला, आणि घरातल्या बायकांनी बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट विचारली : "औषध टाकलं की चार दिवसांत आमची मांजरं मरत्यात, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेतकी खात्याकडूनच यायला हवे.

मळ्यातल्या वस्तीवर जी मांजरे असतात ती गावातल्या घरच्या मांजरासारखी नसतात. ती गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या गंजीत, मोटारीच्या खोलीत राहतात. हाक मारली तर येत नाहीत, हात लावू देत नाहीत. मुळात ती पाळीव जातीचीच आहेत, जंगलातली नव्हेत. मांजराच्या पिल्लाला वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर ते माणसाळते. तो काळ गंजीत गेला की ते जन्मभर बुजरे राहते. अशा मोठ्या मांजराला पकडून घरात डांबण्यात अर्थ नाही. त्याला माणसाची माया नको असते, पण आसरा, पाणी आणि थोडे खाणे लागते. "मांजराला काय, कुठं बी जगतंय" असे आपण म्हणतो. जगते खरे, पण फार दिवस नाही.

आता उंदराकडे वळू. मांजर ठेवले म्हणजे उसातला उंदीर संपला, या भ्रमात राहू नये. घरातली उंदरे, चुचुंद्री, उंदराची लहान पिल्ले मांजर धरते. तिच्या वासाने दाण्याच्या कणगीजवळचा वावर कमी होतो, हाही फायदा आहे. पण पडलेल्या उसात बिळे करून बुडख्याची कांडी कुरतडणारी घूस अंगाने दांडगी आणि चावरी असते. तिच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. न्यूयॉर्क शहरातल्या एका भंगार-कचरा केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मांजरांवर नजर ठेवली, त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्या दिवसांत मांजरांनी मारलेले मोठे उंदीर भरले फक्त दोन! तेव्हा वस्ती मांजराने राखावी आणि शेत आपण राखावे, अशी वाटणी केलेली बरी.

शेत राखताना मांजर मरते कसे, ते समजून घ्या. आपल्याकडे मुख्यत्वे दोन औषधे वापरली जातात. झिंक फॉस्फाईड हे जहाल आहे. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. ब्रोमॅडिओलोन वेगळे. त्याच्या वड्या खाल्ल्यावर उंदराचे रक्त गोठण्याचे थांबते, पण तो मरायला चार-सहा दिवस घेतो. हे चार-सहा दिवसच मांजराचे मरण. कारण विष पोटात घेऊन उंदीर सुस्त होतो, दिवसाउजेडी उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर मांजराला आयताच सापडतो. दोन-चार असे उंदीर खाल्ले की विष तिच्या यकृतात साठते. शेतातल्या गव्हाणी घुबडाचीही तीच गत होते. हे घुबड रात्रभर उंदरांवरच जगते. ते मेले तर नुकसान आपलेच.

औषध टाकूच नका, असे मी म्हणणार नाही. उंदराने पाडलेल्या उसाचे वजन आणि उतारा दोन्ही जातात, ते मी रोज पाहतो. पण औषध टाकण्याची रीत पाळा. आदल्या संध्याकाळी बांधावरची व सरीतली सगळी बिळे चिखलाने लिंपून घ्यावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळे. झिंक फॉस्फाईड वापरायचे तर प्रथम दोन दिवस बिनविषाचे, तेल चोळलेले धान्य बिळात टाकून उंदराला सवय लावावी. मग ९६ भाग भरडा, २ भाग गोडे तेल, २ भाग औषध असे आमिष काठीने कालवून, सुमारे दहा ग्रॅमची कागदी पुडी बिळात खोल सारून तोंड बंद करावे. आमिष बिळाच्या आत गेले पाहिजे. बांधावर, गोठ्यात, माळ्यावर उघडी वडी ठेवणे म्हणजे मांजर, कुत्रा, कोंबडी आणि रांगते पोर यांना आमंत्रण देणे होय. त्यानंतर रोज सकाळी शेताला फेरी मारून मेलेले उंदीर उचलावेत आणि खोल पुरावेत. झिंक फॉस्फाईड असेल तर दोन-तीन दिवस, ब्रोमॅडिओलोन असेल तर दहा दिवस. एवढे काम गड्यावर न सोपवता स्वतः करा. वस्तीपासून शंभर-दीडशे पावलांत तर औषधापेक्षा सापळाच लावावा, असे माझे मत आहे. आणि उंदरासाठी म्हणून कणकेच्या गोळीत फोरेट घालण्याची जी जुनी खोड काही शिवारांत आहे, ती बंद झाली पाहिजे. फोरेटवर देशात २०२० सालाअखेरपासून बंदीच आहे.

मांजर एकाएकी सुस्त झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून किंवा शेणमार्गातून रक्त आले, धाप लागली, तर ब्रोमॅडिओलोनची शंका घ्यावी. यावर 'के-१' जीवनसत्त्व हा उतारा आहे. वेळेत पशुवैद्यकाकडे नेले तर मांजर वाचते, मात्र उपचार काही आठवडे चालू ठेवावा लागतो. जाताना औषधाचे रिकामे पाकीट बरोबर न्या. झिंक फॉस्फाईडला उतारा नाही, तरी दवाखान्यात आधाराचा उपचार होतो. दूध, तेल, मिठाचे पाणी घशात ओतण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. ते फुफ्फुसात उतरून मांजर आधी मरते.

दुसरा मोठा प्रश्न संख्येचा. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभणकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. वर्षात दोन, कधी तीन वेत, आणि एका वेतात तीन-चार पिल्ले. वर्षअखेर गोठ्यात किती डोकी होतील, याचा हिशेब उसाचा हिशेब करणाऱ्याने सहज करावा. त्यातली बरीच पिल्ले रोगाने, उपासमारीने, कुत्र्यांनी मरतात आणि उरलेली पुन्हा वितात. मग आपण करतो काय? पोत्यात भरून बाजारच्या दिवशी दुसऱ्या गावात सोडून येतो. याला उपाय म्हणता येत नाही. सोडलेली पिल्ले बहुधा मरतात, आणि आपल्या वस्तीवर जागा व खाणे शिल्लक असल्यामुळे शेजारच्या मळ्यातली नवीन मांजरे येऊन ठाकतात. मारून टाकणे तर सरळ गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमानेही.

खरा उपाय शस्त्रक्रिया. भाटीची पिशवी काढणे, बोक्याचे खच्चीकरण करणे. बैलाचे खच्चीकरण आपल्याला नवीन नाही, तसेच हे समजा. एक-दोन मांजरांची करून भागत नाही. वस्तीवरच्या सगळ्यांची, निदान सगळ्या भाट्यांची तरी झाली पाहिजे. एक सुटली तरी वर्षात जैसे थे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी, कारण मांजराची शस्त्रक्रिया प्रत्येक ठिकाणी होतेच असे नाही. जवळपासच्या तीन-चार वस्त्यांनी मिळून एक दिवस ठरवला आणि एकाच गाडीतून मांजरे नेली तर खर्च विभागतो.

पकडायचे कसे, यावरच पुष्कळांचे घोडे अडते. हाताने धरायला जाऊ नका, ओरबाडून रक्त काढते. दार पडणारा जाळीचा पिंजरा आणावा, त्याचे दार उघडे बांधून ठेवावे आणि चार-पाच दिवस मांजराचे खाणे त्यातच ठेवावे. सवय झाली की आदल्या संध्याकाळी खाणे बंद, पहाटे सुकटीचा वास देऊन दार मोकळे करावे. अडकल्याबरोबर पिंजऱ्यावर पोते टाका. अंधार झाला की जनावर शांत होते. भाटीला अंगावर पिणारी पिल्ले असतील तर तसे डॉक्टरांना सांगावे आणि तिला लवकर परत आणावे. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक दिवस, भाटीला एक-दोन दिवस सावलीत पिंजऱ्यातच ठेवून जिथे धरली तिथेच सोडावे. भुलीत असतानाच डाव्या कानाचे टोक किंचित कापायला सांगा. दुखत नाही, आणि पुढच्या वेळी कोणाचे झाले, कोणाचे राहिले ते लांबूनच कळते. त्याच वेळी पिसाळण्याविरुद्धची लसही टोचून घ्यावी. तीन महिन्यांवरील प्रत्येक मांजराला ती द्यायची असते.

खाण्याबद्दल. उपाशी मांजर जास्त उंदीर धरते, ही समजूत चुकीची. शिकार हा तिचा स्वभाव आहे, पोट भरलेले असले तरी ती धरते. उलट अशक्त मांजर रोगाला बळी पडते. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र मांजर नीट जगत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य तिला मांसाहारातूनच मिळते. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय बिघडते. मोठ्या मांजराला दूध पचतही नाही, हगवण लागते. उकडलेले अंडे, मासळीची डोकी, सुकट, कोंबडीचे उकडलेले पण हाडे काढलेले तुकडे द्यावेत, कालवणातला कांदा-लसूण नको. जमल्यास तालुक्याला मिळणारे मांजराचे सुके खाद्य द्यावे. पाण्याचे पसरट भांडे सावलीत असावे.

मात्र हे खाणे दिवसा द्यावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी उरलेले उचलावे. आपल्या उसात बिबट्याचा वावर आहे, हे कोणाला सांगायला नको. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्री ३९ टक्के, मांजरे १५ टक्के आणि शेळ्या ११ टक्के आढळल्या. म्हणजे रात्रीच्या उष्ट्यावर अंगणात जमणारी कुत्री-मांजरे ही बिबट्याला दाराशी आणणारी वाट आहे. मांजरांची संख्या आवरायला हवी, त्याचे हेही एक कारण.

आसऱ्याला फार काही नको. लाकडी खोके दोन विटांवर ठेवून, वीतभर भोक पाडून आत कोरडे पाचट भरावे. चिंध्या-गोणपाट ओल धरतात, पाचट धरत नाही. (पाचट जाळू नका हे मी दर अंकात सांगतोच, त्याचा हा आणखी एक उपयोग!) थंडीत मांजरे ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात, म्हणून सकाळी चालू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

घरातली काही औषधे मांजराला विष आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेते. जनावरांच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखे औषध पिसवा जाव्यात म्हणून मांजराला कधीही लावू नये. गोठा फिनेलने धुतला तर वाळेपर्यंत तिला लांब ठेवावे.

माणसांनी सांभाळायचे ते असे. मांजर चावले किंवा नखाने रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी द्यायची असते. मध्ये बरे वाटले म्हणून सोडू नये, कारण पिसाळण्याचा रोग एकदा दिसू लागला की इलाज उरत नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरतो. तो गाभण शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात घडवतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका करतो. तेव्हा पेंड, भरडा, कुट्टी झाकून ठेवा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिला काढू देऊ नका.

शेवटी तोडीच्या हंगामाबद्दल. फडात मधोमध पिल्ले सापडली तर लगेच उचलून घरी आणू नका. ती वस्तीवरच्या भाटीची असतीलच असे नाही. उसात बाऊल, म्हणजे रानमांजर, आणि वाघाटी या दोन रानटी जातीही वितात. बाऊलचे पाय लांब, शेपटी आखूड व टोकाला काळ्या कड्यांची, कानाच्या टोकाला काळे केस. वाघाटी घरच्या मांजरापेक्षाही लहान, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर गडद पट्टे. पिल्लांत मात्र हा फरक चटकन कळत नाही. दोन्ही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, पाळता येत नाहीत. टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवावे की पिल्ले दिसली की त्या भागाची तोड थांबवायची, गर्दी करायची नाही, फोटोसाठी हाताळायची नाहीत, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे. अंधार पडल्यावर आई येऊन पिल्ले एकेक करून हलवते, आणि दुसऱ्या दिवशी तो पट्टा मोकळा करता येतो. पिल्लू मांजराचे की बिबट्याचे, अशी शंका असेल तर सगळ्या टोळीला फडाबाहेर काढावे आणि स्लिपबॉयकरवी गट कार्यालयाला निरोप द्यावा, म्हणजे गाडी दुसऱ्या फडाकडे वळवता येईल.