अवधाण आणि कॅसलमनचा रोग

जुन्नर-आंबेगावच्या शेतात अनवाणी फिरताना पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आले. ही गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. शरीरात अशा शेकडो गाळण्या आहेत. जंतू तेथे अडतात व पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात. (आमच्या प्रयोगशाळेतला गाळणकागद आकार पाहतो, ही गाळणी शत्रू ओळखते!)

एच.आय.व्ही. असलेल्या माणसाच्या मानेत, काखेत गाठी आल्या तर आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच. पण क्वचित तो असतो कॅसलमनचा रोग. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन कॅसलमन यांनी १९५० नंतरच्या दशकात तो वर्णिला. एच.आय.व्ही.बाधितांत त्यामागे नागीण कुळातला आठवा मानवी विषाणू असतो. त्याचा शोध १९९४ चा. तो ब-पेशींत घर करतो, इंटरल्युकिन-६ हे रसायन बेसुमार वाढते. मग ताप, पंडुरोग, वाढलेली पांथरी. लक्षणे क्षयासारखीच! म्हणून सुईने तपासून भागत नाही, अख्खी गाठ काढून पाहावी लागते.

एच.आय.व्ही.ची औषधे (२००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत) चालूच ठेवायची. पण तेवढ्याने हा रोग हटत नाही. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड ब-पेशींवरील सीडी-२० या खुणेला चिकटते आणि त्या पेशी नष्ट होतात. आजार बळावला असेल तर जोडीला इटोपोसाइड. पूर्वी रोगी बहुधा दोनेक वर्षांत दगावत. आता वेळीच उपचार झाल्यास बहुतेक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. मात्र त्याच विषाणूचे कापोसी अर्बुद या औषधाने कधी उफाळते, म्हणून डॉक्टर कातडीवर जांभळे डाग शोधत राहतात.