वाळा : पाचोळ्याखालचा निरुपद्रवी साप

उष्ण कटिबंधातील अरण्यात जमिनीवर पडलेला पाचोळा हा झाडांनी टाकून दिलेला निव्वळ कचरा नव्हे. त्याच्याखाली ओल टिकून राहते. त्या ओलीत मुंग्या, वाळवी व इतर लहान कीटक वाढतात. आणि त्यांच्यावर उपजीविका करणारे काही साप तेथेच आपले आयुष्य कंठतात. या सापांपैकी माणसाच्या अगदी निकट आलेला साप म्हणजे वाळा होय. पाचोळा, ओलसर माती व मुंग्यांची घरटी एवढे मिळाले की त्याचे अरण्यावाचून अडत नाही. बंगळुरूसारख्या बागांच्या शहरात हे सर्व परसापरसांत उपलब्ध असते. म्हणून तेथे तो कुंड्यांखाली सापडतो, आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले म्हणजे न्हाणीघराच्या मोरीतही दिसतो. दिसला की पुष्कळदा तो मारला जातो.

वाळ्याची लांबी सामान्यतः वीतभरही भरत नाही. जाडी जाड सुतळीएवढी, रंग काळपट तपकिरी. अंगावर सर्वत्र सारख्या आकाराचे गुळगुळीत, चकचकीत खवले असतात. डोळे पारदर्शक खवल्यांखाली झाकलेले, दोन काळ्या ठिपक्यांसारखे असून त्यांना केवळ उजेड व अंधार यांतील भेद कळतो. शेपूट आखूड व बोथट असते आणि तिच्या टोकाला एक बारीक काटा असतो. हा काटा म्हणजे नांगी नव्हे. मातीत पुढे सरकताना त्याचा टेका घेता येतो. वाळ्याला विष नाही, आणि तोंड इतके लहान की माणसाला चावणेही त्याला शक्य नाही. तो कानात शिरतो, हा दक्षिण भारतातील काही भागांत प्रचलित असलेला समजही निराधार आहे.

मुंग्या व वाळवी यांची अंडी, अळ्या आणि कोष हे त्याचे मुख्य अन्न होय. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. वाळवी खाताना हा साप कधी कधी तिचे डोके जमिनीवर घासून तोडतो व उरलेला भाग तेवढा गिळतो. अशा रीतीने तो बागेतील कीटकांच्या संख्येवर थोडाफार वचक ठेवतो.

त्याच्या जीवनक्रमातील सर्वांत आश्चर्यकारक भाग प्रजननाचा आहे. या जातीत नर असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. सर्व साप माद्याच. मादी नराच्या संयोगावाचून अंडी घालते व त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. या प्रकारास अनिषेकजनन म्हणतात. रोनाल्ड नुसबॉम यांनी सेशेल्स द्वीपसमूहातील नमुन्यांचा अभ्यास करून १९८० साली याविषयीचे पुरावे मांडले. पुढे १९८७ साली असे दिसून आले की, बहुतेक प्राण्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर या सापाच्या पेशींत तीन असतात.

या एका गुणामुळे वाळा जगभर पसरू शकला. कुंडीतील मातीच्या ढेकळात एखादी मादी दडून दूर देशी पोहोचली, तरी तिला जोडीदार शोधावा लागत नाही. ती एकटीच नवी वसाहत उभी करते. रोपांच्या व्यापाराबरोबर आशियातून निघालेला हा साप आज अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत आढळतो. इंग्रजीत तर त्याला कुंडीतला साप अशा अर्थाचे नावच पडले आहे. शास्त्राला मात्र त्याची पहिली ओळख भारतातच झाली. पॅट्रिक रसेल यांनी १७९६ सालच्या आपल्या ग्रंथात विशाखापट्टणम भागातील या सापाचे वर्णन केले, आणि त्याच्या आधारे फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०३ साली त्याचे नामकरण केले. इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव होय.

वाळा दोन कारणांनी मारला जातो : कोणी त्याला नागाचे पिलू समजतो, तर कोणी विषारी किडा. वास्तविक नागाचे पिलू अंड्यातून निघते तेव्हाच वीतभर किंवा त्याहून लांब असते, त्याचे डोळे ठळक असतात व ते फणा काढते. गांडुळाचे अंग वलयांचे व बुळबुळीत असते आणि ते आखडत-ताणत पुढे जाते. वाळ्याचे अंग कोरडे, खवल्यांचे असून तो नागमोडी सरपटतो व मधूनमधून दुभंगलेली जीभ बाहेर काढतो.

तथापि बारीक दिसणारा प्रत्येक साप वाळाच असतो असे नाही. पाचोळ्याखालीच राहणारा पोवळा साप बारीक व विषारी असतो. त्याचे डोके काळे असून शेपटीवर दोन काळी वलये असतात. म्हणून ओळख निश्चित नसेल तर सापास हात लावू नये, आणि मारूही नये. त्याच्यापासून दूर राहून जाणकारास बोलवावे. वाळा असल्याची खात्री पटल्यास त्याला जाड कागदाने अलगद सुपलीत घ्यावे व झाडाखालच्या ओलसर पाचोळ्यात सोडावे. काही क्षणांतच तो मातीत दिसेनासा होतो.